संदर्भ कसा शोधावा? : गुळवेलीच्या उदाहरणाने एक पाठ

१. प्रास्ताविक

कोविडच्या साथीपासून वैद्यांच्या चिकित्सालयात आणि औषधांच्या दुकानात एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : "गुळवेलीने यकृताला अपाय होतो असे वाचले, ते खरे काय?" विचारणारा रुग्ण बहुधा वर्तमानपत्रातील बातमी किंवा मोबाईलवर आलेला मजकूर वाचून आलेला असतो. त्याला मिळणारी उत्तरेही ठरलेली असतात. एक उत्तर असे, की हा सारा आयुर्वेदविरोधी अपप्रचार आहे, निर्धास्त घ्या. दुसरे असे, की कशाला जोखीम, बंदच करा. ही दोन्ही उत्तरे मूळ लेख न पाहता दिली जातात. पहिल्या उत्तराने एखाद्या रुग्णाची कावीळ वाढू शकते. दुसऱ्या उत्तराने एका उपयुक्त द्रव्यावर कायमचा शिक्का बसतो.

बातमीमागील मूळ लेख शोधून काढणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे काम आहे, अशी आपल्यात एक समजूत आहे. ती सोडून द्यावयास हवी. ज्याच्याजवळ इंटरनेट आहे अशा कोणत्याही वैद्याला किंवा फार्मसीचालकाला हे काम करता येते. मात्र त्याला पद्धत आहे. गुळवेलीचेच उदाहरण घेऊन ती पायरीपायरीने मांडणे, हा या पाठाचा उद्देश आहे.

पाठाचे सार आरंभीच सांगावयाचे तर ते असे : डेटाबेस, म्हणजे संगणकावरील संदर्भसूची, विचारलेल्या शब्दालाच उत्तर देते. अपाय विचारला तर अपाय दाखविते, गुण विचारला तर गुण दाखविते. म्हणून शब्द कोणते निवडावयाचे, यातच शोधाचे निम्मे यश सामावलेले असते.

२. पहिली पायरी : प्रश्नाची बांधणी

"गुळवेल चांगली की वाईट?" हा प्रश्न शोधण्याजोगा नाही. रोगपरीक्षणात आपण जसे दोष, दूष्य आणि अधिष्ठान वेगळे करतो, तसे प्रश्नाचेही चार भाग करावेत. (अ) रुग्ण कोण? (आ) त्याला काय दिले? येथे द्रव्य, अंग, कल्प, मात्रा आणि काळ या साऱ्यांचा विचार येतो. (इ) तुलना कशाशी? (ई) परिणाम काय झाला?

या रीतीने आपल्या उदाहरणातील प्रश्न असा होईल : प्रौढ व्यक्तींनी गुळवेल पोटातून घेतली असता यकृताला इजा होते काय, होत असल्यास कोणाला आणि कोणत्या स्वरूपात? त्याच कागदावर त्याचा प्रतिप्रश्नही लिहून ठेवावा : यकृतविकाराच्या रुग्णांना गुळवेलीने लाभ झाल्याचे मनुष्यांवरील पुरावे आहेत काय? पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष दोन्ही मांडल्याशिवाय सिद्धांत मांडू नये, ही आपल्या शास्त्राचीच शिस्त आहे. संगणकासमोर बसल्यावर ती विसरण्याचे कारण नाही.

३. दुसरी पायरी : नामज्ञान

निघंटूंचा अभ्यास केलेल्या वैद्याला या पायरीवर इतर शोधकांपेक्षा अधिक सोय आहे. एका द्रव्याला अनेक पर्याय असतात आणि एकच नाव अनेक द्रव्यांना लागू पडते, हे त्याला ठाऊक असते. डेटाबेसची नेमकी हीच अडचण आहे.

गुळवेलीला गुडूची, अमृता, छिन्नरुहा, मधुपर्णी, वत्सादनी, कुंडली अशी नावे आहेत. हिंदी भाषकांत ती गिलोय म्हणून ओळखली जाते आणि इंग्रजी लेखांतही हे नाव रूढ झाले आहे. वनस्पतिशास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. शोधासाठी यांपैकी सर्वच नावे कामाची नाहीत. छिन्नरुहा किंवा वत्सादनी ही नावे लेखांच्या शीर्षकांत क्वचितच आढळतील. अमृता हा शब्द घातला तर त्याच नावाच्या लेखिका आणि त्याच नावाच्या विद्यापीठातील असंख्य लेख समोर येतील, कारण पबमेडसारखी सूची लेखकाचे नाव आणि पत्ताही शोधते. अशा वेळी शोध केवळ शीर्षक व सारांश या क्षेत्रांपुरता मर्यादित करण्याची सोय वापरावी.

डेटाबेसमध्ये शब्द रोमन लिपीत टंकावे लागतात. येथे छपाईच्या सोयीसाठी ते देवनागरीत दिले आहेत. रोमन लेखनात संस्कृत नावांची रूपे एकसारखी नसतात. गुडूचीतील अखेरचा 'ची' कोणी सी, एच, आय अशा तीन अक्षरांनी लिहितो, तर कोणी केवळ सी आणि आय यांनी. अश्वगंधेतील 'व' कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. आमवातातील दीर्घ 'आ' कोणी एका ए-ने दाखवितो, कोणी दोन ए लिहितो. संगणकाला हे एकच नाव आहे असे आपोआप कळत नाही. म्हणून संभाव्य सर्व रूपे आधी कागदावर मांडावीत.

वनस्पतिशास्त्रीय नाव घेतले म्हणजे संशय फिटला असेही नाही. गुग्गुळाचे उदाहरण पाहा. आज गुग्गुळाचा वृक्ष कॉमिफोरा वाइटाय या नावाने ओळखला जातो, परंतु जुन्या लेखांत तो कॉमिफोरा मुकुल या नावाने येतो. १९९४ साली भारतात ६१ रुग्णांवर २४ आठवडे झालेल्या अभ्यासात गुग्गुळाच्या अर्काने घातक समजल्या जाणाऱ्या एलडीएल कोलेस्टेरॉलमध्ये सुमारे १२.५ टक्के घट झाल्याचे नोंदविले आहे. त्या लेखाच्या शीर्षकात मुकुल हे जुने नाव आहे. उलट २००३ साली अमेरिकेत १०३ प्रौढांवर ८ आठवडे झालेल्या अभ्यासात एलडीएल कमी न होता किंचित वाढल्याचे आढळले. त्याच्या शीर्षकात दोन्ही वनस्पतिनामे नाहीत, केवळ गुग्गुलिपिड हा अर्काचा शब्द आहे. तेव्हा शीर्षकात एकच नाव शोधणाऱ्याला एकच बाजू दिसेल, किंवा एकही दिसणार नाही. तीनही नावे घेणाऱ्याला दोन्ही अभ्यास समोर ठेवून आहार, मात्रा आणि रुग्णवर्ग यांत काय भेद होता हे विचारता येईल.

संदिग्ध द्रव्यांच्या बाबतीत याहून अधिक सावधगिरी हवी. ब्राह्मी म्हणून कोणी बाकोपा मोनिएरी घेतो, कोणी मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. शंखपुष्पी या नावाखाली कॉन्व्हॉल्व्ह्युलस, इव्होल्व्ह्युलस आणि क्लिटोरिया या वेगवेगळ्या प्रजाती वापरल्या जातात. रास्ना म्हणून कोठे प्लुचिया लॅन्सिओलाटा, तर दक्षिणेत अल्पिनिया गॅलांगा. संस्कृत नावाने लेख सापडला तरी आत कोणती वनस्पती आहे हे पाहिल्याशिवाय तो आपल्या द्रव्याचा आहे असे मानू नये.

रोगनामांचेही असेच आहे. आमवात आणि आधुनिक शास्त्रातील ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस यांत साम्य असले तरी ते तंतोतंत एक नव्हेत. शोध घेताना मात्र दोन्ही नावे घ्यावीत आणि अर्थ लावताना भेद ध्यानात ठेवावा.

४. तिसरी पायरी : कोठे शोधावे?

(अ) पबमेड : अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सूची १९९७ पासून सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. तीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. नोंदीत शीर्षक, लेखक, नियतकालिक आणि बहुधा सारांश असतो, पूर्ण लेख असतोच असे नाही. १९७५ पूर्वीच्या नोंदींत सारांश सहसा आढळत नाही, म्हणून जुने भारतीय संशोधन शोधताना शीर्षकात येऊ शकतील असेच शब्द घ्यावेत.

पबमेडमध्ये 'मेश' नावाची विषयशब्दांची ठराविक यादी आहे. टिनोस्पोरा, कॉमिफोरा आणि आयुर्वेदीय वैद्यक हे विषयशब्द तीत आहेत. येथे आयुर्वेदाच्या अभ्यासकाने एक मर्म जाणून घ्यावे. हे विषयशब्द मुख्यतः मेडलाइन या उपसूचीतील लेखांना लावले जातात. आपल्या क्षेत्रातील अनेक नियतकालिकांचे लेख मात्र पबमेड सेंट्रल या मुक्त संग्रहाच्या मार्गाने पबमेडमध्ये येतात आणि त्यांना हे शब्द लावलेले नसतात. केवळ विषयशब्दांवर विसंबणारा शोधक आयुर्वेदाच्याच नियतकालिकांतील लेखांना मुकतो. म्हणून विषयशब्द आणि साधे शब्द दोन्ही वापरावेत.

(आ) पबमेड सेंट्रल : २००० साली सुरू झालेल्या या संग्रहात पूर्ण लेख विनामूल्य वाचता येतात.

(इ) आयुष रिसर्च पोर्टल : केंद्रीय आयुष मंत्रालयाच्या या संकेतस्थळावर आयुर्वेदादी पद्धतींतील संशोधन चिकित्साविषयक, पूर्वचिकित्साविषयक, द्रव्यविषयक व मूलभूत अशा विभागांत मांडलेले आहे. पबमेडमध्ये न येणारे भारतीय लेख येथे मिळण्याचा संभव असतो.

(ई) शोधगंगा : गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या या संग्रहात भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध वाचता येतात. एम.डी. (आयुर्वेद) पदवीचे बहुसंख्य प्रबंध मात्र त्या त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातच असतात. गुग्गुळाच्या आधुनिक संशोधनाचा आरंभ १९६६ सालच्या बनारस हिंदू विद्यापीठातील एका प्रबंधाने झाला, हे लक्षात घेतले म्हणजे प्रबंधांकडे दुर्लक्ष का करू नये ते कळेल.

(उ) क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, इंडिया : २००७ पासून सुरू असलेल्या या नोंदवहीत भारतात रुग्णांवर होणाऱ्या अभ्यासांची आगाऊ नोंद असते. ज्या अभ्यासाची नोंद आहे परंतु अनेक वर्षांनंतरही निष्कर्ष प्रसिद्ध झालेला नाही, त्याचे मौनही बोलके असते.

(ऊ) गूगल स्कॉलर : २००४ पासूनचे हे साधन सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वाधिक सावधगिरीने वापरावयाचे. ते पुष्कळ देते, परंतु निवड करीत नाही. प्रतिष्ठित नियतकालिकातील लेख आणि पैसे घेऊन आठ दिवसांत छापलेला लेख येथे शेजारी शेजारी दिसतात. त्याचा उत्तम उपयोग म्हणजे एखादा चांगला लेख हाती आल्यावर पुढे त्याचा हवाला कोणी कोणी दिला, हे पाहणे.

संगणकाशी प्रश्नोत्तरे करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता अनेकांच्या हाती आहेत. पर्यायी शब्द सुचविण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. परंतु ती कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लेखाचे शीर्षक, लेखक आणि वर्ष बिनचूक वाटेल अशा थाटात देतात. त्यांनी दिलेला प्रत्येक संदर्भ वरीलपैकी एखाद्या सूचीत प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

५. चौथी पायरी : शब्दांची जोडणी

शब्द जोडण्यासाठी तीन अव्यये आहेत : ऑर, अँड आणि नॉट. पबमेडमध्ये ती मोठ्या रोमन अक्षरांत लिहावीत. पर्यायी नावे ऑरने जोडावीत. प्रश्नाची वेगवेगळी अंगे अँडने जोडावीत. नॉटचा वापर शक्यतो टाळावा, कारण नको असलेल्या लेखांबरोबर हवे असलेलेही वगळले जातात. "उंदीर नको" असे सांगितले, तर उंदरांवरील प्रयोगाचा केवळ उल्लेख असलेला मनुष्यांवरील लेखही बाहेर पडतो.

आपल्या उदाहरणात पहिला गट असा होईल :

टिनोस्पोरा ऑर गिलोय ऑर गुडूची (सर्व रोमन रूपांसह)

दुसरा गट असा :

लिव्हर ऑर हेपॅट* ऑर जॉन्डिस

प्रत्येक गट कंसात घालून दोन्ही गट अँडने जोडावेत. कंस विसरल्यास जोडणीचा अर्थच बदलतो. हेपॅटपुढील तारका हे चिन्ह म्हणजे त्या मूळ शब्दापासून बनलेले सर्व शब्द घ्यावेत अशी सूचना होय. दोन शब्द एकत्र व त्याच क्रमाने हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत लिहावेत.

हेपॅट हे मूळ घेण्यामागे एक हेतू आहे. त्यात यकृतशोथाचा हेपॅटायटिस येतो, यकृताला मारक असा अर्थ असलेला हेपॅटोटॉक्सिक येतो आणि यकृताचे रक्षण करणारा हेपॅटोप्रोटेक्टिव्हही येतो. शोधकाने मूळ घ्यावे, निकाल घेऊ नये. जो केवळ टॉक्सिक शब्द घालतो, त्याच्या पदरात अपायाचेच लेख पडतात. जो केवळ प्रोटेक्टिव्ह शब्द घालतो, त्याला आपले द्रव्य सर्वथा निर्दोष असल्याचा भास होतो. दोघेही प्रामाणिकपणे म्हणू शकतात, "मी शोधले आणि हेच सापडले."

६. या शोधातून काय हाती येते?

वरीलप्रमाणे शोध घेतला असता मुख्यतः तीन प्रकारचे लेख समोर येतात.

पहिला प्रकार प्राण्यांवरील प्रयोगांचा. कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या विषाने उंदरांचे यकृत बिघडवून गुळवेलीच्या अर्काने त्याचे रक्षण होते काय, हे पाहणारे लेख अनेक आहेत आणि त्यांचे निष्कर्ष बहुधा अनुकूल आहेत.

दुसरा प्रकार रुग्णांवरील लाभाचा. डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या मुंबईतील सहकाऱ्यांनी १९९३ साली 'इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी'त प्रसिद्ध केलेला लेख यातील महत्त्वाचा. अर्बुदामुळे पित्तमार्ग अवरुद्ध होऊन कावीळ झालेल्या ३० रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला नेहमीची चिकित्सा दिली आणि दुसऱ्या गटाला तिच्या जोडीला गुळवेलीचा जलीय अर्क दिला. पहिल्या गटातील ५० टक्के रुग्णांत रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणे दिसली, गुळवेल दिलेल्या गटात एकाही रुग्णात ती दिसली नाहीत. या लेखाच्या शीर्षकात गिलोय किंवा गुडूची हा शब्द नाही. वनस्पतिशास्त्रीय नाव आणि अवरोधजन्य काविळीचा उल्लेख आहे. आपल्या दुसऱ्या गटात जॉन्डिस हा शब्द का घातला, ते येथे स्पष्ट होते.

तिसरा प्रकार अपायाचा. मुंबईतीलच यकृतरोगतज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात पाहिलेल्या ६ रुग्णांचा वृत्तांत २०२१ साली प्रसिद्ध केला. गुळवेलीमुळे स्वयंप्रतिकार स्वरूपाचा यकृतशोथ उत्पन्न होत असावा किंवा आधीपासून सुप्त असलेला विकार उघड होत असावा, असे त्यांचे म्हणणे आहे. जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली आणि वापरलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती काय, तिच्याशी साम्य असलेली टिनोस्पोरा क्रिस्पासारखी दुसरी प्रजाती नव्हती ना, असा प्रश्न उपस्थित केला. पुढे २०२२ साली देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा एकत्रित वृत्तांत प्रसिद्ध झाला.

एकाच शहरातून, एकाच वनस्पतीविषयी, दोन भिन्न गोष्टी सांगणारे लेख एकाच सूचीत नांदत आहेत. बातमी वाचणाऱ्याला त्यांतील एकच दिसली होती.

७. पाचवी पायरी : निवड आणि वाचन

सापडलेला प्रत्येक लेख वाचणे शक्य नसते. आधी शीर्षके, मग सारांश आणि मग निवडक लेख पूर्ण, असा क्रम ठेवावा. पूर्ण लेख वाचताना आयुर्वेदाच्या अभ्यासकाने पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात.

(अ) वनस्पतीची ओळख कोणी आणि कशी पटविली? नमुना जतन केला आहे काय?
(आ) कोणते अंग घेतले? कांड, पत्र की सर्वांग?
(इ) कल्प कोणता? स्वरस, क्वाथ, घन, सत्त्व की मद्यार्कातील अर्क? गुळवेल सत्त्वावरील निष्कर्ष क्वाथाला आपोआप लागू होत नाही.
(ई) मात्रा किती आणि किती दिवस?
(उ) रुग्ण किती? तुलनेचा गट होता काय? रुग्णांची विभागणी यादृच्छिक होती काय?
(ऊ) सोबत दुसरी कोणती औषधे चालू होती?
(ए) खर्च कोणी केला?

या कसोट्या दोन्ही बाजूंच्या लेखांना सारख्याच लावाव्यात. १९९३ चा अभ्यास यादृच्छिक विभागणीचा असला तरी रुग्ण केवळ ३० होते. शिवाय ते रुग्णालयात देखरेखीखाली होते आणि मात्रा दर किलो वजनास दररोज १६ मिलिग्रॅम अशी निश्चित होती. त्यावरून घरच्या घरी, अंदाजाने, महिनोन् महिने काढा घेणे निर्धोक आहे असे सिद्ध होत नाही. तसेच २०२१ व २०२२ च्या वृत्तांतांत तुलनेचा गट नाही. गुळवेल घेणाऱ्या किती लोकांमागे एकाला त्रास होतो, हे त्यांवरून सांगता येत नाही. परंतु त्यांत वर्णिलेले रुग्ण खरे आहेत आणि ते दुर्लक्षून चालणार नाही.

दोन्ही बाजू वाचलेला वैद्य रुग्णाला असे उत्तर देऊ शकेल : ज्याला यकृताचा किंवा स्वयंप्रतिकार स्वरूपाचा विकार आहे, त्याने गुळवेल स्वतःच्या मनाने घेऊ नये. इतरांनीही वनस्पतीची खात्री, मात्रा आणि काळ यांबाबत वैद्याचा सल्ला घ्यावा. मळमळ, अन्नद्वेष, लघवीला गडद रंग किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसताच औषध थांबवून यकृताची तपासणी करावी. उत्तर किंचित लांबते, परंतु ते पुराव्याला धरून आहे.

लेख कोणत्या नियतकालिकात आला याकडेही लक्ष असावे. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद करण्यात आली. तेव्हा पारख आता आपल्यालाच करावयाची आहे. संपादक मंडळ खरे आहे काय, लेखांचे तज्ज्ञांकडून परीक्षण होते काय, काही दिवसांत प्रसिद्धीची हमी देऊन शुल्क मागितले जाते काय, हे पाहावे. तसेच लेख प्रसिद्धीनंतर मागे घेतला गेलेला नाही ना, याची खात्री करावी. पबमेड अशा लेखांवर ठळक सूचना देते.

८. सहावी पायरी : पूर्ण लेख मिळविणे

केवळ सारांशावरून मत बनवू नये. वनस्पतीची ओळख, कल्प आणि मात्रा यांचा तपशील बहुधा लेखाच्या आतच असतो. पूर्ण लेखासाठी आधी पबमेड सेंट्रल पाहावे. तेथे नसल्यास नियतकालिकाच्या संकेतस्थळावर तो मुक्त आहे काय ते पाहावे. तरीही न मिळाल्यास लेखात पत्रव्यवहारासाठी दिलेल्या लेखकाला ई-मेलने विनंती करावी. नाव, व्यवसाय आणि कारण कळविणारे चार ओळींचे सभ्य पत्र पुरेसे असते आणि अनेक लेखक आनंदाने प्रत पाठवितात.

चौथा मार्ग ग्रंथालयाचा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके तीद्वारे शासकीय उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्रीय संशोधनसंस्थांना उपलब्ध होतात. खाजगी वैद्याला हा लाभ थेट मिळत नाही. परंतु जवळच्या शासकीय महाविद्यालयाच्या ग्रंथपालांशी परिचय असल्यास, तेथील नियमांनुसार ग्रंथालयात बसून लेख वाचता येईल काय, हे विचारता येते.

९. सातवी पायरी : नोंद ठेवणे

एक साधी वही करावी. तीत दिनांक, डेटाबेसचे नाव, जसेच्या तसे टंकलेले शब्द, सापडलेल्या लेखांची संख्या आणि निवडलेले लेख इतके लिहावे. सहा महिन्यांनी तोच प्रश्न आला असता सारे श्रम पुन्हा करावे लागत नाहीत, तेच शब्द घालून त्यानंतरचे नवे लेख तेवढे पाहता येतात. संगणकावर नोंदी ठेवणाऱ्यांसाठी झोटेरो हे विनामूल्य साधन उपयुक्त आहे.

शोधात काहीच सापडले नाही, तर तेही लिहावे. मात्र "पुरावा सापडला नाही" आणि "अपाय होत नाही असा पुरावा आहे" ही दोन भिन्न विधाने आहेत. रुग्णाशी बोलताना त्यांची गल्लत करू नये.

१०. औषधविक्रेते व फार्मसीचालकांसाठी

औषधनिर्मिती आणि विक्री करणाऱ्यांना या पद्धतीचा दुहेरी उपयोग आहे. औषध व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत २०१० साली समाविष्ट झालेल्या नियम १५८-बी नुसार परवान्याच्या वेळी औषधाच्या प्रकाराप्रमाणे ग्रंथाधार, प्रकाशित साहित्य आणि प्रयोगात्मक अभ्यास यांचा विचार होतो. जो संदर्भ जोडावयाचा तो आपल्याच द्रव्याचा, आपल्याच कल्पाचा आणि आपल्याच मात्रेचा आहे काय, हे सातव्या परिच्छेदातील कसोट्यांनी तपासावे. मद्यार्कातील अर्कावरील लेख चूर्णाच्या वेष्टनासाठी आधार होऊ शकत नाही.

दुसरा उपयोग ग्राहकाच्या शंकेला उत्तर देण्याचा. आयुर्वेदीय औषधांत जड धातू असतात, या आक्षेपामागे मुख्यतः अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील दोन लेख आहेत. २००४ च्या लेखात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. २००८ च्या लेखात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ उत्पादनांपैकी सुमारे एकपंचमांश उत्पादनांत हे धातू आढळले. दुसरा लेख पूर्ण वाचणाऱ्यास असेही दिसते, की अमेरिकेत बनलेल्या आणि भारतात बनलेल्या उत्पादनांतील प्रमाण जवळजवळ सारखे होते, आणि रसौषधींत ते इतर औषधांच्या दुपटीहून अधिक होते. पहिली गोष्ट आपल्याला दिलासा देणारी आहे, दुसरी जबाबदारीची जाणीव देणारी. दोन्ही माहीत असलेला विक्रेता आपल्या निर्मात्याकडे प्रत्येक घाण्याचा तपासणी अहवाल मागेल आणि तो ग्राहकाला दाखवू शकेल.

११. समारोप

साहित्यशोधाचे मोल आपल्या देशाने एकदा जगापुढे सिद्ध केले आहे. जखमा भरण्यासाठी हळदीच्या वापराचे अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले, ते डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख शोधून पुढे ठेवले म्हणून. "आमच्या घरोघरी हळद लावतात" एवढे म्हणणे तेथे पुरेसे ठरले नसते. रोजच्या व्यवसायात आपल्यापुढे येणारे प्रश्न इतके मोठे नसतात, परंतु त्यांचे उत्तर शोधण्याची रीत तीच आहे.

वाचकांनी पुढील स्वाध्याय करून पाहावा.

(१) आपण वारंवार वापरत असलेले एक द्रव्य निवडा. त्याची संस्कृत, मराठी, हिंदी व वनस्पतिशास्त्रीय नावे, जुन्या वनस्पतिनामांसह, रोमन लिपीतील सर्व रूपांत लिहून काढा.

(२) त्या द्रव्याविषयी एक अनुकूल आणि एक प्रतिकूल प्रश्न चार भागांत मांडा. पबमेड आणि आयुष रिसर्च पोर्टल या दोन्ही ठिकाणी एकच शब्दजोडणी वापरून शोध घ्या आणि मिळालेल्या लेखांची तुलना करा.

(३) प्रतिकूल निष्कर्षाचा एक लेख पूर्ण वाचा. सातव्या परिच्छेदातील कसोट्यांची उत्तरे एका पानात लिहा आणि आपल्या शाखेच्या मासिक बैठकीत वाचून दाखवा. अनुकूल लेख त्यानंतर घ्यावा.